आधी पाणी, मग रंग: विटांच्या घराच्या खिडक्यांविषयी

गणपती उठले, नवरात्र संपलं की घरोघरी रंगाऱ्याला फोन जातो. दिवाळीच्या आत खिडक्या रंगवून घ्यायच्या असतात. घर उघड्या विटांचं असेल, तर माझी पहिली विनंती हीच की हा बेत पुढे ढकला. चार महिने पाऊस प्यालेली वीट ऑक्टोबरात वरून कोरडी दिसते, आतून ओलीच असते. चौकटीचं लाकूडही अजून फुगलेलं असतं. त्यावर ऑइल पेंटचा थर बसला की आतल्या ओलीची बाहेर पडायची वाट बंद होते. मग उन्हाळ्यात रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तोच खर्च. दिवाळीला खिडक्या धुवा, काचा पुसा, तोरण बांधा. रंगाचं काम फेब्रुवारी-मार्चवर ठेवा.

आपल्याकडच्या साध्या विटेसाठी भारतीय मानक असं आहे की चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर तिनं स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये. म्हणजे मानकात बसणारी तीन किलोची चांगली वीटसुद्धा अर्ध्या लिटरहून जास्त पाणी पोटात घेऊ शकते. नऊ इंची भिंतीत अशा किती विटा असतात, याचा अंदाज घ्या. हे सगळं पाणी हळूहळूच बाहेर पडतं, आणि ते पडू द्यायला हवं.

खिडकीचं बाहेरचं रूप बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यानं. रस्त्यावर उभं राहून स्वतःच्या घराकडे परक्याच्या नजरेनं बघा. खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून भिंतीवर उतरलेले काळे ओघळ दिसतील. गज जिथे भिंतीत शिरतो तिथे तांबूस डाग असेल, छज्ज्याच्या पोटाला शेवाळ असेल, चौकटीच्या पायाशी पांढरा लोणा फुटला असेल. यातलं काहीही रंग बदलून जात नाही. पाण्याची वाट बदलली की ते येणं थांबतं, आणि मग साधा रंगसुद्धा खुलून दिसतो. म्हणून खिडक्यांवर पैसे खर्च करायचे ठरवलं असेल, तर त्यातला मोठा वाटा आधी गवंड्याला द्या, नंतर सुताराला, आणि उरेल तो रंगाऱ्याला. आपण बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतो.

यासाठी एक काम भर पावसात करायचं आहे. जोराची सर आली की छत्री घेऊन घराभोवती फिरा आणि प्रत्येक खिडकीपाशी दोन मिनिटं थांबा. छज्ज्यावरचं पाणी कुठून पडतं, कट्ट्यावर साचतं की वाहून जातं, कुठल्या कोपऱ्यात शिरतं, हे डोळ्यांनी पाहा आणि लिहून ठेवा. मोबाइलवर फोटो काढलात तर आणखी चांगलं, कारण काम करायची वेळ येईल तेव्हा कडक ऊन असेल आणि गवंडी म्हणेल, इथे तर काही दिसत नाही. आपल्याकडे पाऊस मुख्यतः नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे त्या बाजूच्या खिडक्या सर्वांत जास्त मार खातात. सगळ्या खिडक्यांना एकच उपाय लावण्यात पैसा वाया जातो. उत्तरेच्या खिडकीला नुसती साफसफाई पुरेल आणि पश्चिमेच्या खिडकीचा कट्टा नव्यानं बसवावा लागेल. गावागावांतही हाच फरक आहे. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात साधारण सातशे. पुण्यातल्या बंगल्याची खिडकी पाहून तशीच महाबळेश्वरात किंवा आंबोलीत बसवली, तर ती टिकणार नाही. कोकणात जांभ्याच्या घरांनाही पावसाच्या तोंडच्या बाजूला झापं बांधण्याची रीत आहे, ती याच झडीसाठी.

आता कट्टा. खिडकीच्या खालच्या बाजूला बाहेर जो कट्टा असतो, त्याच्यावर माझ्या मते खिडकीचं निम्मं रूप अवलंबून आहे, आणि सगळ्यांत कमी लक्ष त्याच्याकडेच जातं. तांब्याभर पाणी घ्या आणि चौकटीच्या पायाशी ओता. पाणी लगेच बाहेर धावलं तर ठीक. तिथेच थबकलं किंवा आत वळलं, तर त्या खिडकीला कुठलाही रंग लावू नका. कट्ट्याला बाहेरच्या बाजूनं स्पष्ट उतार हवा. कट्ट्याची फरशी भिंतीच्या पुढे किमान दोन इंच यायला हवी. आणि पुढे आलेल्या त्या भागाच्या पोटाला, कडेपासून इंचभर आत, बोट फिरेल एवढी खाच हवी. खाच नसेल तर पाण्याचा थेंब फरशीच्या पोटाला चिकटून मागे सरकतो आणि भिंतीवरून ओघळतो. खाच असेल तर तो तिथेच अडतो आणि सुटून खाली पडतो. कटरनं अशी खाच पाडायला फारसा वेळ लागत नाही. फरशी बसवायच्या आधी पाडली तर उत्तम, नंतरही पाडता येते. ही एक रेघ नसल्यामुळे कितीतरी चांगली घरं डागाळलेली मी पाहिली आहेत.

फरशी कुठली घ्यावी? कडप्पा विटेच्या लालसर रंगापुढे गंभीर आणि छान दिसतो. कोटाही चालतो. पांढरा संगमरवर मात्र टाळा, विटेचं लाल पाणी आणि धूळ त्यावर लगेच डाग पाडते. फरशी चौकटीच्या खाली सरकवून बसवायला सांगा. चौकटीला नुसती टेकवून सिमेंटची रेघ ओढली, तर ती रेघ पहिल्या उन्हाळ्यातच सुटते. फरशीची दोन्ही टोकं खिडकीच्या बाजूच्या भिंतींत थोडी शिरलेली असावीत, नाहीतर कोपऱ्यातून पाणी उतरतं आणि ते काळे ओघळ पुन्हा येतात.

छज्ज्याला हाच नियम लागू आहे. वरून उतार, पोटाला खाच. छज्जा आणि भिंत जिथे मिळतात तिथे सिमेंटची गोलाई करून घ्या म्हणजे पाणी सांध्यात मुरत नाही. वर्षातून एकदा शिडी लावून छज्ज्यावरचा पाला, माती आणि कबुतरांची घाण काढा. पिंपळाचं चार पानांचं रोपटं दिसलं तर त्याच दिवशी मुळासकट उपटा. त्याचं मूळ दर्जातून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, आत गेलं की नंतर विटा काढल्याशिवाय ते निघत नाही. पिंपळ तोडायला मन धजत नसेल, तर रोप सांभाळून काढून मोकळ्या जागेत लावा, पण छज्ज्यावर ठेवू नका.

खिडकीवर विटांची कमान असेल, तर तुम्ही भाग्यवान आहात. जुन्या सरकारी बंगल्यांत, रेल्वेच्या वसाहतींत आणि गावोगावच्या शाळांत चपट्या कमानी दिसतात. उभ्या लावलेल्या विटांची ती रांग वरच्या भिंतीचा भार दोन्ही बाजूंना उतरवते आणि खिडकीला आपोआप भुवई देते. तिच्यावर गिलावा करू नका, टाइल चिकटवू नका. फक्त दर्जा नीट करा. कमानीतून तडा गेला असेल, तर मात्र आधी जाणकार इंजिनिअरला दाखवा. तो रंगाचा विषय उरत नाही.

दर्जा भरण्याचं काम स्वस्त आहे आणि त्यानं घर उजळतं. खिडकीभोवतीचे सांधे झिजून आत गेले असतील, तर पाऊण ते एक इंच खोल उकरून, धूळ ब्रशनं काढून, पाणी मारून नवा माल भरायचा असतो. इथे गवंड्यावर लक्ष ठेवा. घाईत तो नुसता वरून माल फासतो आणि विटेच्या तोंडावर सिमेंट पसरतं. ते एकदा वाळलं की विटेचं रूप गेलंच. घर चुन्यात बांधलेलं असेल, तर एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू असा चुन्याचाच माल वापरा. घर सिमेंटचं असेल, तर एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू हे मिश्रण चांगलं. विटेपेक्षा कडक माल भरला, तर ओल सांध्यातून निघायच्या ऐवजी विटेतून निघू लागते आणि विटेचं तोंड खपल्या होऊन गळतं. सांधे उरतात, विटा झिजतात. पुण्या-साताऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या अलीकडे सिमेंटनं 'दुरुस्त' केलेल्या भिंतींवर हे दृश्य वारंवार दिसतं. भरलेल्या दर्जावर आठवडाभर ओलं गोणपाट ठेवायला विसरू नका.

त्याच वाड्यांकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे. पेशवाईतल्या बांधणीत खालचा भाग दगडाचा आणि वरचा विटांचा, ही पद्धत सर्रास दिसते. १७३२ मध्ये पूर्ण झालेल्या शनिवारवाड्याची तटबंदीही अशीच आहे. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा अजून उभा आहे, जमलं तर जाऊन पाहा. जाड भिंतीत आत दडलेल्या खिडकीवर बाहेरच्या कडेची सावली पडते. त्या सावलीमुळेच खिडकीला खोली येते आणि लाकूड उन्हापावसापासून वाचतं. आजची खिडकी भिंतीच्या बाहेरच्या तोंडाशी समपातळीत बसवतात. ती चपटी दिसते आणि पावसाचा पहिला फटका तिलाच बसतो. नवी चौकट बसवायची वेळ आली, तर ती बाहेरच्या तोंडापासून तीन-चार इंच आत घ्यायला सांगा. याला जास्तीचा खर्च जवळजवळ नाही आणि घराचं रूप मात्र बदलून जातं.

लोखंडाकडे वळते. विटेत गाडलेला गज किंवा ग्रिलचा पाय गंजला की फुगतो, कारण गंज मूळ लोखंडाहून कितीतरी पट जागा घेतो. वीट फुटते, त्या फटीतून आणखी पाणी जातं, आणखी गंज चढतो. अशा ठिकाणी वरून रेड ऑक्साइड मारून काही साधत नाही. गाडलेलं टोक कापून काढा, भोक साफ करून भरा आणि ग्रिल चौकटीला किंवा आतल्या बाजूला बसवा. ग्रिल आतून असली की बाहेरून फक्त खिडकी दिसते. चोरीची भीती खरी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणणार नाही. पण साधे उभे गज, चार-पाच इंचांच्या अंतरानं, हे सुरक्षिततेला पुरतात आणि विटेच्या आडव्या थरांपुढे फार शोभतात. वेलबुट्टी, सूर्य, मोर, हंस असलेल्या ग्रिलनं खिडकी गजबजून जाते. आणि खिडकीबाहेर काढलेला पिंजरा, ज्यात कुंड्या, जुनी सायकल आणि रद्दी जमते, तो शक्य असेल तर काढून टाका. तो ठेवायचाच असेल, तर आतून किल्लीनं उघडणारं एक दार त्याला नक्की करून घ्या. आग लागली तर घरातली म्हातारी माणसं आणि मुलं बाहेर कशी पडतील, हा विचार रूपाच्या कितीतरी आधी येतो.

लाकडाबद्दल माझं मन फार ओढ घेतं. आपल्या जुन्या घरांत आलापल्ली-बल्लारशाकडचा सागवान आहे, आणि तशा वयाचा, तसा भरीव सागवान आज सहज मिळत नाही. चौकट खालून कुजली म्हणून पूर्ण खिडकी उखडून भंगारात देणारी घरं पाहिली की वाईट वाटतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडात रोवून पाहा. बहुधा खालचे सहा-आठ इंचच मऊ झालेले असतात, वरचं लाकूड खणखणीत असतं. कुजलेला भाग तिरका कापून त्या जागी नव्या सागाचा तुकडा जोडणारा सुतार शोधा. असे सुतार कमी झालेत, पण आहेत. तालुक्याच्या गावात चौकशी केलीत तर अजून सापडतात. वाळवी लागली असेल, तर जोड देण्याआधी तिचा बंदोबस्त करा.

झडप पावसात अडकते म्हणून जुलैमध्ये रंधा मारू नका. लाकूड तेव्हा फुगलेलं असतं. तेव्हा तासलेली झडप एप्रिलमध्ये आक्रसते आणि बोटभर फट पडते. थोडं मेण किंवा साबण घासून पावसाळा काढा, आणि नोव्हेंबर-डिसेंबरातही अडकत असेल तरच तासा. बिजागरं पितळेची असतील, तर त्यांच्यावरचे रंगाचे थर काढून त्यांना उघडं करा. एवढ्यानंही खिडकी वेगळी दिसते.

रंग लावताना जुने सुटलेले थर पूर्ण खरवडायला हवेत. पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग दोन पातळ हात. एक जाड हात कधीच नको. झडपेच्या खालच्या आणि वरच्या काठालाही रंग लागला पाहिजे. रंगारी तो काठ नेहमी सोडतो, कारण तो कुणाला दिसत नाही, आणि पाणी तिथूनच लाकडात चढतं. साग चांगला असेल, तर रंगाऐवजी जवसाच्या तेलाचे हात द्या. दरवर्षी द्यावे लागतात, पण ते करताना खरवडावं लागत नाही.

रंग कुठला, हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो, म्हणून मी तो इतक्या उशिरा घेतला. विटेचा रंग तुम्ही निवडलेला नसतो, तो मातीचा आणि भट्टीचा असतो. कुठे तो नारिंगी असतो, कुठे काळपट लाल. खिडकीचा रंग त्याच्याशी जुळवायचा आहे. गडद हिरवा लाल विटेपुढे कधी फसत नाही. म्हणूनच जुन्या बंगल्यांत तो इतका दिसतो. हस्तिदंती किंवा बदामी चौकटीनं अंधारी बाजू उजळते. करडा, शेवाळी, सागवानी तपकिरी हे शांत रंग आहेत. झगझगीत पांढरा लाल विटेशेजारी डोळ्यांत खुपतो आणि चार महिन्यांत मळतो. चॉकलेटी रंग मात्र विटेत हरवून जातो, खिडकी तिथे एक भोक वाटू लागते. गजांना काळा किंवा चौकटीचाच रंग द्या, म्हणजे ते नजरेआड होतात. चंदेरी रंगाचा गज सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो, आणि तोच आपल्याला दाखवायचा नसतो. घरभर एकच रंग ठेवा. ठरवण्याआधी फळीच्या तुकड्यावर हात मारून तो खिडकीपाशी टेकवा आणि सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी पाहा. दुकानातल्या दिव्याखाली निवडलेला रंग उन्हात वेगळा दिसतो.

लाकूड खरोखरच गेलं असेल आणि ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी घ्यायचं असेल, तर त्यात कमीपणा नाही. डास, धूळ, रहदारीचा आवाज यांचा त्रास खरा आहे. फक्त मूळ खिडकीचं माप बदलू नका. जुनी खिडकी उभी असते. तिच्या जागी वीट भरून किंवा फोडून आडवी सरकती खिडकी बसवली की सगळ्या भिंतीचा तोल जातो. उघडणाऱ्या दोन झडपांची रचना ठेवा आणि पावडर कोटिंगचा गडद रंग घ्या. फटीत भरलेला फोम बाहेरून उघडा ठेवू नका, उन्हानं त्याचा भुगा होतो.

काही जणांना मुळात इतक्या चौकटी हव्यातच कशाला, असंही वाटेल. लॉरी बेकर १९४५ मध्ये इंग्लंडहून भारतात आले आणि नंतर तिरुवनंतपुरममध्ये राहून त्यांनी विटांची शेकडो घरं बांधली. खिडकी ही भिंतीपेक्षा महाग पडते, हे ते हिशेबानं दाखवत. जिथे फक्त हवा आणि उजेड हवा, तिथे ते विटांचीच जाळी करत. एका उभ्या फळीला वर-खाली खुंट्या लावून, चौकटीशिवाय फिरणारी खिडकीही त्यांनी वापरली. जिन्यात, कोठीच्या खोलीत, व्हरांड्यात नवी खिडकी काढणार असाल, तर विटांच्या जाळीचा विचार करा. तिला रंग लागत नाही, गंज चढत नाही, आणि घराशी ती जन्मतःच जुळलेली असते.

राहिली वीट. खिडक्या नीट केल्यावर भिंत मळकी वाटू लागते आणि विटेवरही रंग मारून टाकावा असा मोह होतो. कृपा करून मारू नका. एकदा रंगवलेली वीट पुन्हा मूळ रूपात आणणं जवळजवळ अशक्य असतं. ॲसिडनं धुऊ नका, चुन्याचे सांधे त्यात विरघळतात. वाळूचा मारा करणाऱ्या यंत्रानं विटेची भाजलेली वरची साल जाते आणि आतली मऊ माती उघडी पडते. पाणी, नायलॉनचा ब्रश आणि थोडा धीर, एवढं पुरतं. लोणा मात्र पाण्यानं धुऊ नका, तो पुन्हा आत मुरतो. कोरड्या ब्रशनं झाडा आणि पाणी कुठून येतंय ते शोधा. पाणीरोधक द्रव लावायचाच असेल, तर विटेला श्वास घेऊ देणारा, न चमकणारा घ्या. चकाकणारं वॉर्निश भिंतीवर नको.

केबलच्या वायरी, एसीच्या नळ्या, डिशचा पाय यांना भोक पाडायची वेळ आली, तर ते सांध्यात पाडा, विटेत नको. सांधा पुन्हा भरता येतो. एसीचं पाणी खिडकीच्या कट्ट्यावर न सोडता नळीनं जमिनीपर्यंत न्या. कट्ट्यावरच्या कुंड्यांखाली बशा ठेवा.

आणि सगळ्या खिडक्या एकदम काढू नका. पश्चिमेची, सगळ्यांत वाईट अवस्थेतली एक खिडकी या उन्हाळ्यात घ्या. कट्टा, छज्जा, दर्जा, लोखंड, लाकूड, रंग, या क्रमानं तिचं काम पूर्ण करा आणि एक पावसाळा तिच्यावरून जाऊ द्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिच्याखाली नवा ओघळ आला नाही, तर त्याच गवंड्याला दिवाळीनंतर बोलवा आणि बाकीच्या खिडक्यांचा हिशेब त्याच्याशी बसून करा.